मालिकांतलं रक्त आणि उघडी शरीरं : गोष्टीची गरज किती, गल्ल्याची किती?

टिळकवाडीची_वाचक :

'गेम ऑफ थ्रोन्स' ही राजगादीच्या झगड्याची अमेरिकी मालिका १७ एप्रिल २०११ ला सुरू झाली आणि १९ मे २०१९ ला संपली. आठ पर्वं, ७३ भाग. शेवटच्या काही पर्वांच्या वेळी आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेसहाला, अमेरिकेबरोबरच, भाग यायचा. तो बघणारी बेळगावची मुलं तेव्हा पुण्यात नाहीतर बेंगळुरात खोली घेऊन राहत होती. आता त्यातली बरीच जण परत आली आहेत. भिंतीवर मोठा टीव्ही आहे आणि शेजारी आईवडील, धाकटी भावंडं बसलेली असतात. त्यामुळे जगानं कधीच घालून संपवलेला वाद आपल्या घराघरात आत्ता चाललाय. एवढं सगळं दाखवायची खरंच गरज असते का?

माझं मत आधी मांडते, मग तुम्ही बोला.

हिंसा दाखवायला माझी हरकत नाही. खुर्चीसाठी माणसं कुठल्या थराला जातात, हीच त्या मालिकेची गोष्ट आहे. ती सोज्वळपणे सांगता आली नसती. माझी हरकत एका ठरावीक सवयीला आहे. बाईवरचा अत्याचार दाखवायचा, आणि नंतर त्या बाईकडे वळूनही बघायचं नाही.

दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. पहिल्या पर्वाच्या नवव्या भागात नेड स्टार्क या सरदाराचं डोकं उडवतात. तलवार उगारली जाते तेव्हा आपण गर्दीत चेहरा दाबून धरलेल्या त्याच्या धाकट्या मुलीजवळ, आर्याजवळ असतो. तिला दिसतात ती आकाशात उडालेली पाखरं. पुढच्या भागात मोठ्या मुलीला, सान्साला, भाल्यावर लावलेलं बापाचं मुंडकं मान वर करून बघायला लावतात. रक्त फारसं नाही, पण त्या दोन मुली पुढं सात पर्वं जशा वागतात त्याचं मूळ तिथं आहे.

दुसरा प्रसंग पाचव्या पर्वाच्या सहाव्या भागातला, मे २०१५ चा. सान्साच्या लग्नाची रात्र, नवरा रॅमसे तिच्यावर जबरदस्ती करतो. मूळ पुस्तकांत ती तिथं नाहीच. तिथं रॅमसेशी लग्न लावतात ते दुसऱ्याच मुलीचं, जेन पूलचं, आर्या म्हणून. मालिकेनं सान्साला त्या जागी नेलं, आणि ऐन वेळी कॅमेरा नेऊन ठेवला थिऑनच्या, म्हणजे तिच्याच घरात वाढलेल्या आणि आता रॅमसेच्या कैदेत असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर. म्हणजे भोगलं तिनं आणि कळवळा दाखवला त्याचा. त्या भागानंतर क्लेअर मॅकास्किल या अमेरिकी सिनेटर बाईंनी आपण ही मालिका सोडली असं जाहीर सांगितलं होतं. ते जरा जास्तच वाटणाऱ्या मैत्रिणी मला त्या वेळी भेटल्या होत्या. मला ते अजिबात जास्त वाटलं नाही.

मी एवढंच विचारते : प्रसंग संपल्यावर, ज्याच्यावर तो गुदरला त्या माणसाबद्दल मला काही नवीन कळलं का? कळलं असेल तर मी डोळे मिटणार नाही. नसेल तर तो प्रसंग कुणासाठी घेतला, ते सांगा.

खानापूरकर :

ताई, अर्ध्याशी सहमत.

मला उलटी भीती वाटते. रक्त न सांडणाऱ्या लढाया दाखवणं हे जास्त वाईट आहे. पौराणिक मालिकांत शेकडो बाण सुटतात, माणसं छातीवर हात ठेवून आडवी होतात, नायकाच्या अंगरख्यावर डाग नाही. लहानपणापासून हे बघितलेल्या पोरांना युद्ध म्हणजे मिरवणूक वाटते.

सहाव्या पर्वाचा नववा भाग आठवा, २०१६ चा. नेडच्या घरात वाढलेला जॉन स्नो लढाईत प्रेतांच्या ढिगाखाली, चिखलात दबला जातो. वरून आपलीच माणसं तुडवत जाताहेत, श्वास कोंडतोय, आणि कॅमेरा तिथंच खाली त्याच्याबरोबर थांबतो. हा भाग बघितल्यावर युद्धाची हौस राहत नाही. ते रक्त, तो चिखल काढून टाकला तर मागे फक्त जिंकल्याचा आनंद उरेल. माझ्या मते तो मोठा अपराध ठरला असता.

लग्नाच्या रात्रीबद्दल मात्र तुमचं बरोबर. त्यात अजून एक घाला. तिसऱ्या पर्वात त्या कुप्रसिद्ध लग्नात नेडचा थोरला मुलगा रॉब, त्याच्या गरोदर बायकोच्या पोटात सुरा खुपसतात. पुस्तकात रॉबची बायको त्या लग्नाला आलेलीच नसते. तो सुरा मालिकावाल्यांनी आपल्या पदरचा घातला. रॉब मरतो, त्याची आई मरते, लांडगा मरतो, सैन्य कापलं जातं, एवढं पुरेसं नव्हतं का?

कॅम्पातली_पोर :

वाचतेय. एक गोष्ट खटकली म्हणून लिहिते.

धाग्याच्या शीर्षकातच 'रक्त आणि उघडी शरीरं' अशी जोडी लावली आहे. या दोन गोष्टी एका पिशवीत का? दोन माणसांनी आपल्या मर्जीनं जवळ येणं आणि कुणाचं डोकं फोडणं, हे दोन्ही 'आक्षेपार्ह' या एकाच खणात कसं बसतं?

आमच्या घरात चौथ्या पर्वातला, द्वंद्वयुद्धात उतरलेल्या ओबेरिनचा शेवट सगळ्यांनी एकत्र बघितला. प्रतिस्पर्ध्यानं नुसत्या हातांनी डोळे फोडून कवटी चिरडली. बाबा 'अरे बापरे' म्हणाले आणि बघत राहिले. त्याच आठवड्यात दोन पात्रांनी नुसतं चुंबन घेतलं तर रिमोट शोधायला सगळे उठले. माझा भाऊ चौदा वर्षांचा आहे. त्याला यातून काय कळलं असेल? मारणं घरात चालतं, प्रेम चालत नाही.

नग्नता नको असं मला म्हणायचं नाही. जबरदस्ती करमणूक म्हणून नको. आणि अजून एक. त्या मालिकेच्या पहिल्या पर्वांत राजकारणाची लांबलचक माहिती द्यायची वेळ आली की प्रसंग वेश्यागृहात नेत. बोलणारा पुरुष कपडे घालून, मागे बायका उघड्या. तिथं त्यातल्या बऱ्याच बायकांना ना नाव होतं ना काम. ते खरं अनावश्यक. त्याबद्दल मात्र कुणी रिमोट शोधत नव्हतं.

हल्याळ_रानातला :

कॅम्पातली_पोर यांना +१. शेवटचा परिच्छेद तर दोनदा वाचला.

निपाणीची_शिक्षिका :

तुम्ही सगळे अख्खी मालिका बघणाऱ्यांबद्दल बोलताय. मी शाळेत बघते ते वेगळंच आहे.

सातवी-आठवीतली मुलं ही मालिका बघत नाहीत. एवढा वेळ नाही, एवढं इंग्रजी नाही, आणि घरी पैसे भरलेलं खातंही नाही. ती बघतात तुकडे. कुणीतरी पंधरा सेकंदांचा तुकडा कापतो, त्याखाली ढोलाचं संगीत लावतो, आणि तो फोनवर फिरत राहतो. नेडची मुलगी, तिला दिसलेली पाखरं, यातलं काही त्या तुकड्यात नसतं. फक्त वार असतो. आमच्या वर्गात ओबेरिनचं काय झालं हे ठाऊक असलेली मुलं आहेत. तो कोण होता, बहिणीच्या खुनाचा जाब मागत तो का लढला, हे विचारलं तर एकालाही सांगता येत नाही.

त्यामुळे 'गोष्टीला गरज होती' हे उत्तर मला अपुरं वाटतं. गोष्टीला गरज असेल. पण जो प्रसंग गोष्टीतून कापून काढला तरी तेवढाच थरार देतो, तो कापला जाणारच. नेडचा प्रसंग असा कापून विकता येत नाही, त्यात कापायला काही नाहीच. लिहिणाऱ्यांनी आणि दिग्दर्शकांनी आता याचा विचार करायला हवा. २०११ मध्ये त्यांना तो करावा लागला नसेल, आज करावा लागतो.

कॅम्पातलीला एक सांगते. तुझ्या भावाबद्दल तू जे लिहिलंस ते आमच्या पालकसभेत मांडायची माझी इच्छा आहे. मुलींना मी जमेल तसं समजावते. मुलग्यांशी या विषयावर घरात कुणी बोलत नाही. ते त्या तुकड्यांतूनच शिकतात.

मंडळवाला_वडगाव :

तुम्ही सगळी परदेशी मालिकेवर बोलालाय. मी आपल्या चित्ररथावर बोलतो. चालतंय न्हवं?

आपली शिवजयंती वैशाखातली, पारंपरिक. त्यानंतर रात्रभर चित्ररथाची मिरवणूक. बेळगावच्या माणसाला सांगायला नको, पण बाकीचे वाचत असतील म्हणून सांगालोय. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जिवंत देखावा करायचा. मावळे, खान, दरबार, सगळी आमचीच पोरं. मी बरीच वर्षं रंगभूषा बघतो. रक्त कसं करतात ठाऊक हाय? गुळाचा पातळ पाक, त्यात खायचा लाल रंग, आणि चिमूटभर कॉफीची पूड. नुसता लाल रंग टाकला तर हॅलोजनच्या उजेडात गुलाबी मारतो. कॉफी पडली की काळपट होतो आणि गर्दी 'आई गं' म्हणते.

एकदा संभाजी महाराजांच्या छळाचा देखावा केला. १६८९ चा इतिहास, कुणी खोटा म्हणणार नाही. सळ्यांच्या टोकाला लाल बल्ब लावून त्या डोळ्यांजवळ आणल्या. मारुती गल्लीत म्होरंच बापाच्या खांद्यावर एक पोरगं बसलं होतं. ते असं किंचाळलं की ढोल थांबला. आणि त्याच्याच मागं एक आजोबा टोपी काढून हात जोडून उभे होते, डोळ्यांतनं पाणी गळत होतं. एकाच देखाव्यानं दोघांना हलवलं. कुणाला चूक म्हणू?

पण एक खरं सांगतो. रक्त वाढवलं की गर्दी थांबते. एका मंडळानं वाढवलं की पुढच्या वर्षी दुसरं त्याच्या वर जातंय. मग आम्ही. राजांच्या धैर्यावर बोलायला कुणालाच वेळ नाही, पाक किती लागला तेवढंच बोलणं. टीव्हीवाल्यांचंही असंच होत असणार असं मला वाटतं.

शहापूर_पेठ :

मंडळवाल्या दादांनी नेमकं सांगितलं. टीव्हीचंही अगदी तसंच आहे, आणि त्यामागे सरळ धंदा आहे. अमेरिकेत घरोघर फुकट दिसणाऱ्या प्रक्षेपणाला तिथल्या सरकारी आयोगाचे अश्लीलतेचे नियम लागतात. एचबीओसारख्या पैसे भरून घ्यायच्या वाहिनीला ते तसे लागत नाहीत. म्हणजे शेजारच्या दुकानात जे मिळू शकत नाही ते आमच्याकडे मिळतं, हीच त्यांची जाहिरात. गोष्टीची गरज नंतर येते.

आपल्याकडे २५ फेब्रुवारी २०२१ पासून माहिती-तंत्रज्ञानाच्या नव्या नियमांत ओटीटीला वयाची प्रतवारी आहे : सर्वांसाठी, सातवर, तेरावर, सोळावर आणि फक्त प्रौढांसाठी. तेरावरच्या आणि त्यापुढच्या वर्गांना पालकांचं कुलूप लावायची सोय देणं बंधनकारक, प्रौढांच्या वर्गाला वय तपासायची व्यवस्था. कागदावर चांगलं आहे. घरात एकच खातं, एकच फोन, आणि कुलपाचा आकडा त्या घरातल्या सगळ्यात लहान मुलानंच लावून दिलेला असतो. बंदी मागणाऱ्यांनी आधी आपल्या टीव्हीचं कुलूप बघावं.

जुना_नाट्यवेडा :

उशिरा येतोय, पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे. नाट्यशास्त्रात भरतमुनी सांगतात की युद्ध, राज्य जाणं, मरण, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे अंकांमधल्या छोट्या प्रवेशातून सांगाव्यात. ग्रीक नाटकांतही बहुतेक खून रंगमंचाच्या आड होतात आणि दूत येऊन सांगतो. या लोकांना रक्ताचं वावडं होतं असं नाही. महाभारतात भीम दुःशासनाचं रक्त पितो, अश्वत्थामा रात्री झोपलेल्यांना कापतो. ऐकणाऱ्यानं ते मनात बघावं, एवढा विश्वास त्यांना ऐकणाऱ्यावर होता.

पण नियम मोडणाराही आपल्याकडेच झाला. संस्कृत नाटककार भासाच्या 'ऊरुभंगा'त मांड्या मोडलेला दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो. त्याआधी त्याचा छोटा मुलगा मांडीवर बसायला येतो आणि बापाला त्याला नको म्हणावं लागतं. गदेचा घाव प्रेक्षकाला दिसत नाही, तो सैनिकांच्या तोंडून कळतो. घाव पडल्यावरचा माणूस मात्र समोर आहे. टिळकवाडीच्या बाई जे विचारताहेत त्याचं उत्तर मला तिथं दिसतं.

बाईवरच्या अत्याचाराबद्दल बोलायचं तर खाडिलकरांचं 'कीचकवध' घ्या. १९०७ चं नाटक. सैरंध्रीचा, म्हणजे दासीच्या वेशातल्या द्रौपदीचा अपमान हाच त्याचा कणा. प्रेक्षक पेटून उठत, कीचकात त्यांना इंग्रज व्हाइसरॉय राहिलेला कर्झन दिसे. इतके पेटत की १९१० साली इंग्रज सरकारनं त्यावर बंदी घातली. रंगमंचावर सैरंध्रीच्या पदराला किती हात लागला यावर ते पेटणं अवलंबून नव्हतं.

बी. आर. चोप्रांच्या मालिकेतलं द्रौपदी वस्त्रहरण आठवून बघा. माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर आजही सभेतल्या खाली घातलेल्या माना येतात.

बैलहोंगल_अण्णा :

माझं मराठी थोडं चुकेल, समजून घ्या. घरी कन्नड, बाजारात मराठी.

आमच्या बैलहोंगलची 'संग्या-बाळ्या' ही सण्णाटाची, म्हणजे आमच्याकडच्या गाण्यांच्या लोकनाट्याची गोष्ट. मैत्री, दुसऱ्याच्या बायकोची ओढ, दगा, शेवटी खून. सगळंच आहे त्यात, तुमच्या मालिकेत आहे ते. गावात रात्रभर चालतो, आयाबाया बसतात, पोरं आयांच्या मांडीवर झोपतात. ओढ गाण्यातून कळते. खून होणार हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं, तरी शेवटाला लोक रडतात, कारण संग्या तोवर त्यांच्या घरातला झालेला असतो. शहरात लोक म्हणतात खेड्यातले प्रेक्षक भडक मागतात. मला तसं दिसलं नाही.

टिळकवाडीची_वाचक :

अण्णा, तुमचं मराठी उत्तम आहे. सण्णाटाबद्दल अजून लिहा, वाट बघते.

काका, भास सांगितलात त्याबद्दल मनापासून आभार. आता माझं म्हणणं अधिक नीट मांडता येईल. 'हाऊस ऑफ द ड्रॅगन'च्या पहिल्या पर्वाचा आठवा भाग (२०२२). राजपुत्र एगॉननं एका दासीवर जबरदस्ती केली आहे. तो प्रसंग आपल्याला दाखवतच नाहीत. दिसते ती थरथरणारी दासी डायाना, राणीसमोर, एगॉनच्या आईसमोर उभी राहून सांगणारी. राणी तिच्यावर विश्वास ठेवते. तिला जवळ घेते. मग पैसे देते, गर्भ राहू नये म्हणून काढ्याचा पेला देते, आणि रवाना करते. हे सगळं काही मिनिटांत होतं. एकाही कपड्याला हात लागत नाही आणि त्या राजवाड्याचं सगळं किडलेपण समोर येतं. राणीही यातून सुटत नाही. एका आईचं, एका बाईचं ते भयंकर वागणं मला २०१५ च्या त्या रात्रीपेक्षा कितीतरी जास्त छळत राहिलं.

'गेम ऑफ थ्रोन्स'च्याच जगातली, त्याच वाहिनीवर नंतर आलेली ही मालिका आहे. म्हणजे हे जमतं. आधीही जमलं असतं.

निपाणीच्या बाईंचा तुकड्यांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. डायानाचा प्रसंग कापून ढोल लावून फिरवता येणार नाही.

खानापूरकर :

मग त्याच मालिकेचा पहिलाच भाग घ्या ना ताई. राणी एम्माचं बाळंतपण अडलंय. राजाला विचारतात, बाळ वाचवायचं तर आईचं पोट फाडावं लागेल. राजा हो म्हणतो. राणीला कुणी विचारत नाही. ती 'नको' म्हणत असताना तिला धरून ठेवतात आणि ते सगळं आपल्याला बघावं लागतं. मध्ये मध्ये बाहेरच्या मैदानात सरदार एकमेकांना हौसेनं रक्तबंबाळ करताहेत. हे सांगून भागलं असतं का? दाईनं बाहेर येऊन 'राणी गेल्या' म्हटलं असतं तर राजावर मला एवढा राग आला नसता. वारस हवा म्हणून एका बाईच्या शरीराचं काय करतात, हे मला तिथं पहिल्यांदा पोटात ढवळून कळलं.

टिळकवाडीची_वाचक :

तो प्रसंग मला मान्य आहे, पूर्ण मान्य. त्या खोलीत शेवटपर्यंत कॅमेरा एम्माला सोडत नाही. मी तेच मागतेय. गरोदर बाईनं तो भाग बघू नये अशी सूचना मात्र आधी ठळक द्यायला हवी होती असं वाटतं.

कॅम्पातली_पोर :

पडद्यावरच्या बाईबद्दल एवढं बोललो, आता ते करणाऱ्या बाईबद्दल. 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये डेनेरिस झालेल्या एमिलिया क्लार्कनं २०१९ मध्ये एका पॉडकास्टवर सांगितलं की पहिल्या पर्वात ती अगदी नवखी होती. नग्न प्रसंगांत काय मागायचं, काय नाकारायचं, तिला ठाऊक नव्हतं. बाथरूममध्ये जाऊन रडायची आणि परत येऊन प्रसंग द्यायची. पुढं इतर कामांत तिनं चादर वरच राहू दे म्हटलं, तर चाहते नाराज होतील असं तिला ऐकवलं गेलं. ते चाहते म्हणजे आपण. माझ्या नावावर कुणी असं मागावं हे मला नकोय.

२०१८ मध्ये एचबीओनं ठरवलं की जवळिकीचे प्रसंग असलेल्या आपल्या सगळ्या मालिकांवर इंटिमसी कोऑर्डिनेटर ठेवायचा. म्हणजे काय दिसेल, कुणाचा हात कुठं असेल, हे आधी बोलून ठरवून मगच कॅमेरा सुरू. मारामारीच्या प्रसंगांना फाइट मास्टर कित्येक वर्षं आहेत. तलवारीनं कुणाला खरी इजा होऊ नये याची काळजी आधीपासून होती, या इजेची इतक्या उशिरा.

गरज होती का, असं विचारताना ती करणाऱ्या बाईला कुणी विचारलं होतं का, हेही विचारा.

निपाणीची_शिक्षिका :

पोरी, हे पालकसभेत वाचून दाखवू का? तुझं नाव सांगणार नाही.

कॅम्पातली_पोर :

हो बाई, वाचा. भावाचा उल्लेख तेवढा गाळा.

मंडळवाला_वडगाव :

सगळं वाचलं. काल गल्लीत चौघाजणांना पण वाचून दाखवलं. भासाच्या नाटकातलं ते पोरगं बापाच्या मांडीवर बसायला येतंय, तिथं आमचा ट्रॅक्टरवाला गप झाला.

यंदाच्या बैठकीत मी मांडणार हाय. सळ्या, बल्ब, पाक काही नको. महाराजांना बांधून उभं करायचं, शेजारी कवी कलश, आणि सगळा उजेड दोघांच्या चेहऱ्यावर. छळ काय केला ते खाली उभ्या शाहिरानं डफावर सांगायचं. दोघंतिघं नाही म्हणणार. गर्दी थांबणार नाही म्हणतील, आणि म्होरच्या मंडळाचा देखावा तयार हाय म्हणून सांगतील. ते बघून घेतो मी.

अडचण एकच. रेकॉर्ड लावायची नाही, माणूसच पाहिजे. रात्रभर, गर्दीत, घसा न बसवता पोवाडा म्हणणारा खानापूर, येळ्ळूर, चंदगड भागात कुणी ठाऊक असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मानधन मंडळ देईल, जेवण आणि गाडी आमची.